त्या जहाजात बायका जातात का?

आमच्या घरातल्या बाईने होडीवर पाय ठेवायचा नाही, असा नियम होता. तो कुणी केला आणि का केला, हे कुणालाच सांगता यायचं नाही. आजोबांना विचारलं की ते म्हणायचे, "नाय चालत," आणि विडी पेटवायचे. धाकटी डहाणूतल्या बाकीच्या घरांत सणाच्या दिवशी बायका-पोरांना होडीत बसवून खाडीत एक फेरी मारून आणायचे. आमची होडी मात्र फक्त पुरुषांना घेऊन निघायची आणि मी काठावर उभी राहून भोकाड पसरायची. नऊ-दहा वर्षांची असताना एकदा मी चोरून होडीत चढले. बाबांनी मला काखोटीला मारून खाली आणलं आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्या नियमावर माझा जो राग बसला तो बसलाच.

आईला मात्र राग वगैरे काही नव्हता, निदान मला तरी तसं वाटायचं. बाबा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. सुकाणू त्यांच्या हातात. होडी निघाली की आई इतर बायकांबरोबर वाळूत उभी राहायची. होडी परतली की गुडघाभर चिखलात शिरून पाट्या उतरवून घ्यायची. तिथून पुढचं सगळं तिचं. मासळी निवडायची, बांबूवर बोंबील टांगायचे, ताजा माल डहाणूच्या बाजारात विकायचा आणि आठवड्यातून एकदा सुकी मासळी घेऊन तलासरी गाठायची. समुद्राशी तिचा संबंध रोजचा होता, पण तो गुडघ्याच्या वर कधी गेला नाही.

शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर तलासरीच्या आठवडी बाजाराला जायची. डोंगराकडच्या गावांतून भात-नागली पिकवणाऱ्या बायका यायच्या आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट-बोंबील घेऊन जायच्या. त्यातली एक म्हातारी दर वर्षी आमच्याकडेच यायची. घेणार पसाभर आणि बसणार तासभर. एकदा तिने आईला विचारलं, "तुझा नवरा जातो तो दर्या आतून कसा असतो ग?"

"मोठा असतो," आई म्हणाली.

"मोठा म्हनजे?"

"मोठा म्हनजे... लय मोठा."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "म्हनजे तू पन नाय पायला!"

आईही हसली, शेजारच्या दोघीतिघी हसल्या. पण परतताना सहा आसनी रिक्षात बसल्यावर आई उगाचच माझ्यावर खेकसली. मी काहीही केलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी नोकरीने मला फिनलंडमध्ये, हेलसिंकीला नेऊन ठेवलं. गेल्या मे महिन्यात आईबाबा महिनाभरासाठी आले. बाबांनी गुडघ्यांपायी होडी पुतण्याच्या ताब्यात दिली होती, त्यामुळे ते मोकळे होते. आई काही तयार होईना. मे महिना म्हणजे मासळी सुकवायचे भर दिवस. शेवटी सगळा भार आपल्या थोरल्या जाऊबाईंवर टाकून ती आली खरी, पण रोज सकाळी उठल्या उठल्या फोन लावायची आणि बोंबील काढले का, मांजरं आली का, असं सगळं विचारून झाल्याशिवाय चहाला हात लावायची नाही.

त्याच महिन्यात मला ऑफिसच्या कामासाठी तीन दिवस स्टॉकहोमला जायचं होतं. स्टॉकहोम म्हणजे शेजारच्या देशाची राजधानी, मध्ये समुद्र. आईबाबांना घरी एकटं सोडायचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच आठवड्यात बाबा कचरा टाकायला गेले असताना मागे दार आपोआप लागून बाहेरच अडकले होते. तेव्हा तिघांनी जायचं ठरलं. कसं जायचं, एवढंच उरलं.

अशा बाबतीत मी जरा अतीच करते. मी संगणकावर तक्ता केला आणि छापून फ्रिजवर लावला. विमान: तासाभराचा प्रवास, आगेमागे विमानतळावरचे तास वेगळे. रात्रीचं जहाज: झोपायचं आणि उठायचं, बघायला काही नाही. दिवसाचं जहाज: आधी दोन तास रेल्वेने टुर्कू नावाच्या बंदराच्या गावी, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला जहाज, संध्याकाळी स्टॉकहोम. विमानाच्या ओळीला मी हिरवा रंग दिला, कारण शहाण्या माणसाने तेच निवडावं असं माझं मत होतं. त्यावर चर्चा होईल अशीही मला आशा होती.

बाबांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "विमान," ते म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

"आई, तुला काय वाटतं?"

"तुमी ठरवाल तसं."

हे आईचं ठरलेलं वाक्य. वाटण कसलं करू याला सोडून बाकी सगळ्याला ती हेच म्हणते. त्यामुळे विषय संपला असं धरून मी तिकिटं बघायला लागले.

रात्रीची जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघी भांडी घासत होतो. बाहेर अजून लख्ख उजेड होता, मे महिन्यात तिथे तो मावळतच नाही म्हटलं तरी चालेल. आई ताट धूत धूत अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाय, त्या जहाजात बायका जातात का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "जातात म्हणजे? सगळेच जातात. आई, कधी कधी तर जहाजाची कप्तानसुद्धा बाई असते."

आई हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. नळ वाहत होता, तोही तिला बंद करावासा वाटला नाही. "बाई?" ती म्हणाली. "नि पुरुष तिचं ऐकतात?"

त्या क्षणी मला माझ्या तक्त्याची लाज वाटली. मी तासांचे आणि थांब्यांचे रकाने केले होते, आणि हिला समुद्रावर जायचंय हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. मी हात न पुसताच बाहेर गेले आणि बाबांना म्हणाले, "आपण दिवसाच्या जहाजाने जातोय."

"नाय."

"का?"

"नाय म्हनजे नाय."

मग मी चिडले. माझं चिडणं आमच्या आळीत प्रसिद्ध आहे. मी आजोबांपासून सुरुवात केली, नवव्या वर्षीच्या काखोटीपर्यंत आले, आणि 'कुठल्या जमान्यात राहता' वगैरे म्हणायच्या बेतात असताना आई पदराला हात पुसत दारात आली.

"तू गप," ती मला म्हणाली. मग बाबांकडे वळली. "चाळीस वर्सं तुमाला काठावरनं जाताना पायलं. तुमी कुठं जाता ते एकदा तरी मला बघू द्या."

एवढंच. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. 'तुमी ठरवाल तसं' म्हणणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा ठरवलेलं मी बघत होते, आणि मला इतका आनंद झाला की पुढचं भांडण करायचंच राहून गेलं.

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग मोबाइलमध्ये मराठी कॅलेंडर उघडलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं. चेहरा उजळला.

"कितीला सुटतं म्हनालीस?"

"पावणेनऊला."

"नाय सुटनार. त्या दिवशी पूनव हाय."

आता हे नीट सांगायला हवं. आमच्या खाडीत घड्याळाला किंमत नसते. पाणी असलं तर होडी निघते, नसलं तर चिखलात रुतून बसते. आणि पाणी कधी असणार ते तिथीवर असतं. पुनवेला आणि अवसेला उधाण. भरपूर भरती आणि तेवढीच खोल ओहोटी. भरती दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे पाणी सर्वांत खाली सकाळी सहाला. बाबांना हा हिशोब झोपेतून उठवून विचारला तरी येतो. पुतण्या अजूनही निघायच्या आधी त्यांना फोन करतो.

"सहाला सगळं उघडं पडनार," बाबा म्हणाले. "पावनेनऊला कसंबसं गुडघाभर. नि तुझं ते जहाज केवढं? दहा मजली. ते काय चिखलातनं चालनार? अकराच्या आधी हलत नाय."

"छापलंय ना तिकिटावर!"

"छापनाऱ्याला तिथी कळते?"

आईने तिथल्या तिथे पैज लावली. जहाज वेळेवर सुटलं तर येतानाही जहाजानेच यायचं. नाही सुटलं तर येताना विमान. बाबा खुशीत कबूल झाले. जिंकल्यात जमा होते ते.

आणि आता माझी फजिती सांगते. माझाही बाबांवर विश्वास बसला. दोन वर्षं मी त्या समुद्राच्या काठावर राहत होते, रोज ट्राममधून तो दिसायचा, पण त्याच्याकडे थांबून पाहायला सवड कुणाला होती? आणि पाण्याच्या बाबतीत बाबा चुकल्याचं मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे मी स्टॉकहोमच्या ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंना रीतसर कळवलं की पौर्णिमा असल्यामुळे जहाजाला उशीर होऊ शकतो, तरी संध्याकाळची भेट दुसऱ्या दिवशी ठेवावी. त्यांनी भेट पुढे ढकलली आणि खाली एक ओळ लिहिली होती: 'चंद्राचं आणि जहाजाचं काय आहे, ते भेटलात की जरूर सांगा.' त्या थट्टा करत होत्या हे मला नंतर कळलं.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही टुर्कूला पोचलो. सामान टाकून बाबा थेट पाण्यावर. बंदराजवळ दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. बाबा खालच्या पायरीवर उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "निशानी करायला काय हाय तुझ्याकडे?" पर्समध्ये नखांना लावायचा लाल रंग होता. बाबांनी त्या इवल्याशा ब्रशने पाणी जिथे दगडाला टेकलं होतं तिथे ठळक रेघ ओढली. संध्याकाळचे सहा वाजले होते.

"आता ओहोटी हाय," त्यांनी मला आणि आईला समजावलं. "सकाळी साडेचारला येऊन बघा. रेघेच्या वर चांगलं कमरभर पानी असेल. मग ते उतरत जाईल नि सहाला परत इथेच."

सकाळी साडेचारला बघायला मी काही गेले नाही, मी झोपले. बाबा गेले. सहा वाजता आईने मला हलवून उठवलं. "चल, बघ काय झालंय. तुझे बाबा तिथनं उठत नायत."

ऊन वर आलं होतं. बाबा त्याच पायरीवर, बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसले होते. लाल रेघ पाण्याला टेकून होती. काल होती तशीच.

"साडेचारला?" मी विचारलं.

"तशीच."

"पाचला?"

"तशीच. हलतच नाय." त्यांनी पाण्यात हात घातला आणि बाहेर काढून हाताकडे पाहिलं. ओळखीच्या माणसाला हाक मारावी आणि त्याने लक्षच देऊ नये, तसे ते दिसत होते.

थोड्या अंतरावर एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. मी त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं आणि अंगठा नि तर्जनी किंचित फाकवून दाखवली. एवढंच. वारा सुटला तर पाणी थोडं वरखाली होतं, म्हणाले, पण चंद्राचं इथे काही चालत नाही. मी हे येऊन बाबांना सांगितलं.

"मग ह्यांना निघायचं कधी ते कळतं कसं?"

"घड्याळात बघून."

बाबांनी मान हलवली. "मग इथे कोनीपन तांडेल होईल," ते तुच्छतेने म्हणाले आणि बूट घालायला लागले. आई माझ्याआड तोंड लपवून इतकी हसत होती की तिचे खांदे गदगदत होते. स्वेटर, त्यावर माझं जुनं जाकीट, गळ्यात मी दिलेला पिवळा मफलर आणि खाली लुगड्याचा काचा, अशी ती उभी होती आणि मला फार गोड दिसली.

जहाजात शिरायच्या दाराशी आई थांबली. आमच्याकडे पुरुष होडीत चढण्याआधी तिला हात लावून नमस्कार करतात. आईने ते हजारदा पाहिलं होतं, केलं कधी नव्हतं. तिने वाकून त्या पोलादी उंबऱ्याला हात लावला, हात कपाळाला नेला आणि मग उजवा पाय आत टाकला. मागची सगळी रांग थबकली. मला वाटलं बाबा संकोचतील. पण त्यांनीही वाकून नमस्कार केला. मग मीही केला. माझ्या मागे एक लहान मुलगी होती, तिने आमचं बघून उंबऱ्याला हात लावला आणि आपल्या आईकडे पाहिलं.

पावणेनऊला जहाज हललं. एक मिनिट इकडे नाही की तिकडे. बाबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि आईने बाबांकडे पाहिलं.

आत दुकानं होती, उपाहारगृहं होती, सरकते जिने होते. आईने त्यातलं काही बघितलं नाही. ती सरळ वरच्या उघड्या डेकवर गेली आणि दोन्ही हातांनी कठडा धरून उभी राहिली. वारा गार होता. छोटी छोटी बेटं येत होती, प्रत्येकावर चारदोन झाडं आणि एखादं लाल लाकडी घर. आईने जिभेने ओठ चाटले, मग पुन्हा चाटले. अर्धं आयुष्य मीठ आणि मासळीत गेलेली बाई, तिला शंका आली.

"आळनी हाय," ती म्हणाली.

"काय?"

"समुद्र. मीठच नाय."

बाबांनीही ओठांवरून जीभ फिरवली. "भरती नाय, मीठ नाय," ते म्हणाले. "मग ठेवलंय काय ह्यात?" आणि तिघेही खो खो हसलो.

थोड्या वेळाने बाबा दिसेनात. मी शोधायला निघाले तर ते डेकच्या दुसऱ्या टोकाला बचावाच्या होड्या मोजत होते. जाकिटं कुठे ठेवली आहेत, जिने किती आहेत, दारं कशी उघडतात, सगळं जहाज त्यांनी पालथं घातलं होतं.

"बाबा, काही होत नाही. मोठं जहाज आहे."

"आमच्या होडीत सात मानसं असायची," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "साती परत आनली, दर खेपेला. सुकानू माझ्या हातात होतं म्हनून. इथे तुझी आई हाय, तू हायस, नि माझ्या हातात काय हाय?" त्यांनी रिकामे हात दाखवले.

इतकी वर्षं त्या नियमावर मी चिडून होते. त्यात एवढी भीती असेल असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना आईकडे घेऊन आले. लहानपणी त्यांनी मला काखोटीला मारून होडीतून उतरवलं होतं, ते आठवून मला पहिल्यांदाच राग आला नाही.

आई एका बेटाकडे बघून हात हलवत होती. तिथल्या धक्क्यावर दोन बायका आणि एक कुत्रा उभा होता. बायकांनीही हात हलवले. जहाज पुढे गेलं, बायका लहान लहान होत गेल्या, आणि मग नुसते दोन ठिपके राहिले.

"काय हो," आई म्हणाली, "आमीपन एवढ्याच दिसायचो का तुमाला?"

"एवढ्याच."

"मग त्यात मी कोनती ते कळायचं?"

"कळायचं तर!" बाबा एकदम खुलले. "वळून एकदा बघायचोच मी. हिरव्या लुगड्याची, ती तू. ते हिरवं दिसलं की सुकानू फिरवायचो."

आई कठड्यावरचा हात काढून त्यांच्याकडे पूर्ण वळली. "हिरवं? मी कदी हिरवं नेसले?"

बाबा आठवायला लागले.

"मी पिवळं नेसते! लग्नाच्या दुसऱ्या वर्सापासनं पिवळं! हिरवं जाऊबाईंचं!"

बाबांचे कान लाल झाले. "थोरल्या वहिनीचं?"

"म्हनजे चाळीस वर्सं तुमी जाऊबाईंना बघून निघालात?"

मग आईला जे हसू फुटलं ते आवरेना. ती कठड्यावर डोकं टेकून हसली, मग खाली बाकावर बसून हसली, जाकिटाच्या बाहीने डोळे पुसत हसली. बाबाही हसायला लागले, आधी ओशाळून आणि मग खरंच. आजूबाजूची शांत माणसं आमच्याकडे वळून पाहत होती आणि न कळताच हसत होती. 'जाऊबाईंना आताच फोन लाव' म्हणून आई माझ्या मागे लागली. समुद्रावर रेंज नव्हती म्हणून बाबा वाचले.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "मी हात करायचे. दर वेळेला, होडी दिसेनाशी होईस्तोवर."

"हात करायचीस?" बाबांनी विचारलं.

"मग? उगीच उभी राहायचे?"

बाबा तिच्या शेजारी बाकावर बसले आणि स्टॉकहोम येईपर्यंत तिथून उठले नाहीत. दुपारी मध्येच बेटं संपली आणि तासदोन तास चहूबाजूंनी नुसतं पाणी होतं. आई ते डोळे भरून बघत होती. तलासरीची ती म्हातारी आता बाजाराला येते की नाही कुणास ठाऊक, पण आली तर तिला काय सांगायचं ते आईचं ठरलं होतं. "सांगीन, मोठा तर असतोच," ती म्हणाली, "पन आत गेलं की आवाज येत नाय. काठावर केवढा गडगडाट असतो. आत गप असतो."

स्टॉकहोमला मी कामात होते. आईबाबा दिवसभर पाण्याच्या काठाने फिरत आणि संध्याकाळी मला आज किती जहाजं आली-गेली ते सांगत. वरिष्ठ बाईंना मी चंद्राची सगळी हकिकत सांगितली. त्या एवढ्या हसल्या की चहा सांडला.

पैज हरल्यामुळे परतीचं जहाजच होतं. सकाळी धक्क्यावर पोचलो, तिघांची तिकिटं हातात. जहाज सुटायला वेळ होता, पण दार वीस मिनिटं आधी बंद होतं असं लिहिलं होतं. आई थांबली.

"मी नि बाय आधी वर जातो," ती बाबांना म्हणाली. "तुमी थोडा वेळ तिथे रस्त्यावर उभे राहा. मला बघायचंय, मानूस वरनं ओळखू येतं का."

"आई, दार बंद होईल," मी म्हणाले. "त्यांना एकट्याने यायचंय, तिकीट दाखवायचंय, तीन मजले चढायचेत. गुडघे..."

"चाळीस वर्सं मी उभी होते. दहा मिनिटं ते राहतील."

बाबा तिकीट खिशात घालून वळले. ते दाराबाहेर अडकले होते हे मी विसरले नव्हते. पण आई पुढे निघालीसुद्धा होती. उंबऱ्याला हात लावून ती झपाझप वर चढली आणि डेकच्या कठड्याशी गेली.

खाली, कुंपणापलीकडच्या रस्त्यावर बरीच माणसं होती. कुणी निरोप द्यायला आलेली, कुणी सायकली धरून उभी, कुणी नुसतीच कॉफी पीत. एवढ्या उंचीवरून सगळी सारखीच. मी डोळे बारीक करून शोधत होते आणि मला काही बाबा सापडत नव्हते. आई अजिबात शोधत नव्हती. तिने बघताक्षणी बोट केलं.

"ते बघ."

रस्त्याच्या कडेला एक माणूस डाव्या पायावर भार टाकून, उन्हाला हात आडवा धरून उभा होता. गळ्यात पिवळं काहीतरी होतं. तो आईचा मफलर होता. कधी मागून घेतला, मला कळलंही नाही. मग त्या माणसाने कपाळावरचा हात काढला, उंच केला आणि हलवायला सुरुवात केली. तो थांबेचना. आजूबाजूचे लोक कुणाला हात करतोय म्हणून वर बघायला लागले.

आईने हात वर केला नाही. ती दोन्ही हातांनी कठडा धरून नुसती बघत राहिली, पोटभर. घड्याळात दार बंद व्हायला सात मिनिटं उरली होती. मी घाईघाईने बाबांना फोन लावला आणि तो आईच्या कानाला धरला.

"दिसताय," ती म्हणाली. "चांगले दिसताय. या आता वर."